नेम शिकवणाऱ्या बायका

गेले काही आठवडे आपण या कार्यक्रमात कर्जाचे हप्ते, काजूगराची प्रतवारी, आंबापोळीचं पॅकिंग अशा कामाच्या गोष्टी बोललो. आज खेळाबद्दल बोलू. त्यातही खेळणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्या बाईबद्दल. खेळ तुमच्या-आमच्या गावातला नाही, पण त्यातून जे शिकायचं आहे ते मात्र आपल्या गटात रोज लागणारं आहे.

ऑलिम्पिकचं पदक कुणाला मिळालं की पेपरात त्या खेळाडूचा फोटो येतो. गावात मिरवणूक निघते, गुलाल उधळला जातो. तेव्हा त्याच्या मागे खुर्चीवर गप्प बसलेली एक व्यक्ती असते. ती स्वतः कधीतरी खेळलेली असते. तिने आपलं सगळं शिकलेलं दुसऱ्याच्या हातात दिलेलं असतं. आज आपण अशा दोघींची ओळख करून घेऊ. एक पनवेलच्या सुमा शिरूर आणि दुसऱ्या मुंबईच्या दीपाली देशपांडे. दोघी रायफल नेमबाज. दोघी २००४ साली अथेन्सच्या ऑलिम्पिकला गेल्या. दोघींना तिथे पदक मिळालं नाही. पुढे दोघी प्रशिक्षक झाल्या, आणि दोघींच्या शिष्यांच्या गळ्यात जगातली मोठी पदकं पडली.

हे कसं झालं, ते नीट समजून घेऊ.

आधी खेळ समजून घेऊ

गावच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनी पाहिली आहे. एअर रायफल त्याच जातीची, पण फार काटेकोर. तिच्यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलिमीटरचा छर्रा सुटतो. निशाण दहा मीटरवर असतं, म्हणजे साधारण पडवीपासून अंगण ओलांडून गोठ्यापर्यंतचं अंतर. निशाणाच्या अगदी मधोमध दहा गुणांचा ठिपका असतो. त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. मोहरीचा दाणासुद्धा त्याच्यापुढे मोठा वाटेल.

या रायफलीचं वजन साडेपाच किलोपर्यंत असतं. पाच लिटर तेलाच्या कॅनपेक्षा थोडं जास्तच म्हणा. ती उभ्याने, कशाचाही टेकू न घेता धरायची. त्या काळी बायकांना चाळीस छर्रे मारावे लागत. आता पुरुषांसारखेच साठ मारायचे असतात आणि त्यासाठी सव्वा तास मिळतो. आपण भरलेली कळशी कमरेवर घेऊन चालतो, तेव्हा हलत असतो म्हणून वजन जाणवत नाही. तीच कळशी घेऊन एका जागी सव्वा तास उभं राहायचं आणि पाण्याचा थेंबही हलू द्यायचा नाही, असं हे काम आहे.

म्हणजे या खेळात पळणं नाही, उडी नाही, आरडाओरडा नाही. श्वास आत घेतला तर नळी वर जाते, सोडला तर खाली येते. छातीचे ठोके हाताला जाणवतात. मनात "हा तरी दहात बसू दे" असं आलं, की बोट जरा जास्त दाबलं जातं आणि छर्रा ठिपक्याच्या बाहेर जातो. म्हणून या खेळात अंगापेक्षा मन शांत ठेवणं अवघड. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण शिकवणारीचं खरं काम तिथेच सुरू होतं.

सुमाताईंचे चारशे गुण

सुमा शिरूर यांचा जन्म १९७४ सालचा, कर्नाटकातला. वाढल्या आणि शिकल्या मुंबईच्या परिसरात. कॉलेजच्या दिवसांत नेमबाजीशी ओळख झाली आणि मुंबईतच संजय चक्रवर्ती नावाच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. हे नाव लक्षात ठेवा. अंजली भागवत, दीपाली देशपांडे, सुमा शिरूर या तिघी त्यांच्याकडे शिकल्या. एका शिक्षकाने तिघींना घडवलं आणि तिघी एकाच वेळी अथेन्सच्या भारतीय संघात होत्या. चक्रवर्ती सरांनाही द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला होता. २०२१ साली ते गेले.

२००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुमाताई आणि अंजलीताई यांनी जोडीने सुवर्णपदक जिंकलं. त्याच वर्षी दक्षिण कोरियात बुसानला आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे अंजली, सुमा आणि दीपाली या तिघींच्या संघाने रौप्य मिळवलं. २००३ चा अर्जुन पुरस्कार सुमाताईंना मिळाला.

मग २००४ उजाडलं. क्वालालंपूरला आशियाई नेमबाजी स्पर्धा होती. तिथे पात्रता फेरीत सुमाताईंनी चाळीस छर्रे मारले आणि चाळीसच्या चाळीस दहात बसवले. चारशेपैकी चारशे. यापेक्षा जास्त गुण मिळवायला जागाच नव्हती. त्यांनी जागतिक विक्रमाची बरोबरी केली.

त्याच वर्षी अथेन्सचं ऑलिम्पिक आलं. सुमाताई अंतिम फेरीत पोहोचल्या. जगभरच्या नेमबाज बायकांमधून फक्त आठजणी तिथे येतात. त्यात त्या आठव्या आल्या. त्या ऑलिम्पिकमध्ये भारताला एकच पदक मिळालं, राज्यवर्धनसिंह राठोड यांचं नेमबाजीतलं रौप्य.

आता विचार करा. काही महिन्यांपूर्वी जिने एकही छर्रा चुकवला नव्हता, तिला ऑलिम्पिकच्या दिवशी आठवं यावं लागलं. हात तेच, रायफल तीच, अंतरही तेच दहा मीटर. फरक त्या दिवसाचा. असा दिवस जिने अंगावर घेतला आहे, तिलाच दुसऱ्याला त्या दिवसासाठी तयार करता येतं. सुमाताईंची पुढची कामगिरी पाहिली की हे पटतं. जिंकण्याचं तंत्र पुस्तकातही मिळेल. पण अंतिम फेरीत उभं राहिल्यावर तोंड कसं कोरडं पडतं, ते तिथे उभी राहिलेली बाईच सांगू शकते.

पनवेलच्या रेंजवर

आपण मुंबईला जाताना एसटी पनवेलला थांबते. आपल्या कोकणचं दारच ते. त्या पनवेलमध्ये सुमाताईंनी "लक्ष्य शूटिंग क्लब" सुरू केला. त्या वेळी त्यांचं स्वतःचं खेळणं संपलेलं नव्हतं. संसार होता, सराव होता आणि त्यातच मुलामुलींना शिकवणंही सुरू झालं. पुढे देशाच्या कनिष्ठ रायफल संघाच्या प्रशिक्षक म्हणूनही त्यांनी काम केलं.

त्यांच्या हाताखाली आलेली सर्वांत नावाजलेली मुलगी म्हणजे जयपूरची अवनी लेखरा. २०१२ साली, शाळेत असताना, मोटार अपघातात तिच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. कमरेखालचं अंग काम करेनासं झालं. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीवर आहे. २०१५ साली वडिलांनी तिला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. तिथे तिला रायफल आवडली.

आता सुमाताईंपुढचा प्रश्न बघा. त्या आयुष्यभर उभं राहून नेम धरायला शिकल्या होत्या. उभ्या नेमबाजाचा तोल तळपायापासून सुरू होतो. पाय किती फाकवायचे, वजन कोणत्या पायावर, कंबर किती वळवायची, डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर कसं टेकवायचं. त्यावर सगळी इमारत उभी राहते. अवनीच्या बाबतीत तो पायाच नव्हता. दिव्यांगांच्या या प्रकाराच्या नावात "उभ्याने" असा शब्द आहे, पण चाकाच्या खुर्चीवरचे खेळाडू तो बसूनच खेळतात. मात्र कोपर कशावरही टेकवता येत नाही. दोन्ही हात अधांतरी ठेवून रायफल पेलायची. खुर्चीची पाठ किती उंच असावी यालाही नियम आहे. पायाचा आधार नाही, कमरेचा पुरता नाही. मग तोल आणायचा कुठून? खांद्यातून, मानेतून, श्वासातून आणि खुर्चीच्या बैठकीतून.

म्हणजे सुमाताईंना स्वतःच्या चारशे गुणांची पद्धत जशीच्या तशी देता आली नसती. समोरच्या मुलीच्या अंगाला काय जमतं ते आधी बघावं लागलं, मग शिकवावं लागलं. "मी असं करायचे, तूही असंच कर" हे वाक्य तिथे उपयोगाचं नव्हतं.

त्यात कोरोनाचा काळ आला. रेंज बंद झाल्या. अवनीने जयपूरला घरातच निशाण लावून सराव चालू ठेवला. ३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये दहा मीटर एअर रायफल प्रकारात तिने २४९.६ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकलं. जागतिक विक्रमाची बरोबरीही केली. पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच स्पर्धेत पन्नास मीटरच्या प्रकारात तिने कांस्यही मिळवलं. पुढे पॅरिसला, बरोबर तीन वर्षांनी, ३० ऑगस्ट २०२४ रोजीच तिने २४९.७ गुण मिळवून पुन्हा सुवर्ण जिंकलं.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुमाताईंना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार १९८५ साली सुरू झाला आणि तो खेळाडूला नाही, शिकवणाऱ्याला मिळतो. पी. टी. उषा यांचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांना तो पहिल्याच वर्षी मिळाला होता.

दीपालीताई आणि कांबळवाडीचा स्वप्नील

आता दुसरी गोष्ट. दीपाली देशपांडे यांना २००४ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. अथेन्सला त्या पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात खेळल्या. अंतिम फेरी त्यांना गाठता आली नाही.

हा प्रकार एअर रायफलपेक्षा वेगळा आहे. निशाण पन्नास मीटरवर. छर्रा नाही, खरी गोळी. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, अशा तीन स्थितींत नेम धरायचा. प्रत्येक स्थितीत अंग वेगळं, श्वास वेगळा. त्यातून उघड्या रेंजवर वारा असतो. गोळी वाऱ्याने सरकते. रेंजवर लावलेल्या छोट्या निशाणांकडे बघून वारा ओळखायचा आणि मग दाबायचं. होडी समुद्रात न्यायची की नाही हे खारव्याला वाऱ्यावरून कळतं, तसाच हा अंदाज. तो वर्षानुवर्षं उभं राहूनच येतो.

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचं गाव आहे. तिथला स्वप्नील कुसाळे. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. आई सरपंच, हे आपल्या गटातल्या बायकांनी मुद्दाम ऐकावं. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून हा मुलगा नेमबाजीत आला. पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. नोकरी सांभाळून खेळत राहिला. आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला लागल्यावरही ऑलिम्पिकसाठी त्याला बारा वर्षं थांबावं लागलं. त्याला घडवण्यात दीपालीताईंचा मोठा वाटा आहे.

पॅरिसला पात्रता फेरीत तो ५९० गुणांवर सातवा होता. आठजण पुढे जातात, म्हणजे अगदी काठावरच म्हणायचं. १ ऑगस्ट २०२४ ला अंतिम फेरी झाली. गुडघ्यावरच्या फेरीनंतर तो मागे होता. झोपून मारायच्या फेरीत थोडा वर आला. उभ्याने मारायच्या फेरीत, जिथे सगळ्यांचे हात थरथरतात, तिथे तो टिकला. शेवटी ४५१.४ गुणांवर कांस्यपदक. या प्रकारात ऑलिम्पिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक याआधी मिळालं होतं ते १९५२ साली, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना, हेलसिंकीला कुस्तीत. मधे बहात्तर वर्षं गेली.

२०२४ च्या पुरस्कारांच्या यादीत स्वप्नीलला अर्जुन आणि दीपालीताईंना द्रोणाचार्य, असे दोघांचेही सन्मान झाले. वीस वर्षांपूर्वी अर्जुन मिळालेली बाई, आणि तिच्या शिष्याला आता अर्जुन.

मधल्या काळातलंही थोडं ऐका. २०१६ ला रिओ आणि २०२१ ला टोकियो, दोन्ही ऑलिम्पिकमधून भारताचे नेमबाज एकाही पदकाशिवाय परतले. टोकियोला तर पंधराजण गेले होते. देशभर टीका झाली. असं झालं की बोट खेळाडूंकडे जातं, तसं शिकवणाऱ्यांकडेही जातं. पदक आलं तर खेळाडूचं, नाही आलं तर प्रशिक्षकाचं, असा जगाचा हिशेब. तरी शिकवणं सोडून न देणं हाही या कामाचाच भाग.

येणं वेगळं, शिकवणं वेगळं

आता आपल्याकडे येऊ. घावणे कुणाला येतात असं विचारलं तर बैठकीतल्या सगळ्या हात वर करतील. पण सुनेने विचारलं, "आई, पीठ किती पातळ करायचं?" तर आपण काय सांगतो? "हाताला कळतं गं." तवा किती तापला पाहिजे? "आवाजावरून समजतं." हे खोटं नाही. आपल्या हाताला खरंच कळतं. पण सुनेच्या हाताला ते अजून कळत नाही, आणि आपल्याला ते शब्दात सांगता येत नाही. येणं आणि शिकवता येणं यांच्यात एवढं अंतर आहे. खेळाडूपासून प्रशिक्षकापर्यंतचं अंतरही हेच.

चांगली शिकवणारी काय करते, ते या नेमबाजीवरून चार गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट, ती कामाचे तुकडे करते. "नीट नेम धर" असं ती म्हणत नाही. आधी बैठक, मग खांद्यात दस्ता, मग गालाची जागा, मग श्वास, मग डोळा, मग बोट. एका वेळी एकच तुकडा घोटून घ्यायचा. नेमबाज कितीतरी सराव छर्रा न घालताच करतात. नुसती रायफल धरायची आणि बोट दाबायचं. गुण नाहीत, आवाज नाही, म्हणून लक्ष फक्त हातावर राहतं.

दुसरी गोष्ट, ती नोंद ठेवायला लावते. नेमबाज आपली वही ठेवतात. आज काय केलं, कुठे हात हलला, त्या वेळी मनात काय होतं. महिन्याने वही चाळली की चूक कुठून येते ते दिसतं. आपण गटाची वही ठेवतो ती पैशांची. शिकण्याची वही आपल्याकडे कुणी ठेवत नाही.

तिसरी गोष्ट, ती समोरच्याकडे बघते, स्वतःकडे नाही. अवनीच्या खुर्चीचं उदाहरण आपण आताच ऐकलं. आपल्या गटात एखादीला कमी दिसतं, एखादीला लिहिता येत नाही, एखादीचं मूल लहान. सगळ्यांना एकाच मापाने शिकवलं तर मागे पडणारी मागेच राहते आणि आपण म्हणतो, "तिला जमत नाही."

चौथी गोष्ट सगळ्यांत कठीण. वेळ आली की ती मागे जाऊन बसते. सामना चालू असताना प्रशिक्षकाला पुढे जाऊन खांदा सरळ करता येत नाही. चूक दिसत असते, हात शिवशिवत असतात, तरी जागेवर बसावं लागतं. कारण ते निशाण आता शिष्याचं आहे. आपल्याकडे सून भाकरी थापत असताना दोन मिनिटांत परात ओढून घेणाऱ्या कितीजणी आहेत? परात ओढली की भाकरी गोल होते, पण सून शिकत नाही.

आमच्या भागातल्या एका गटाला मागे फळप्रक्रियेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. शिकवणाऱ्यांनी कोकमाचं आगळ आणि सरबत सुंदर करून दाखवलं. बायकांनी बघितलं, फोटो झाले, प्रमाणपत्रं मिळाली. बायकांच्या हातात पळी एकदाही आली नाही. पुढच्या हंगामात त्या गटातल्या एकीनेही आगळ विकायला काढलं नाही. शिकवणाऱ्यांना काम येत होतं, शिकवणं येत नव्हतं. तीन दिवस बायकांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

"मी शिकवलं तर माझं काय?"

हा प्रश्न बैठकीत मोठ्याने कुणी विचारत नाही, पण मनात असतो. एखादीला पापडाचं प्रमाण नेमकं जमलेलं असतं, एखादीला ब्लाउजचं कटिंग येतं. ते दुसरीला शिकवलं तर गिऱ्हाईक तिच्याकडे जाईल ही भीती खोटी नाही. घर त्यावर चालतं. अशा बाईला "मनाने मोठी हो" म्हणून सांगणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही.

सुमाताई आणि दीपालीताई फुकट उपकार म्हणून शिकवत नाहीत. प्रशिक्षक हे काम आहे. त्याला नेमणूक असते, फी असते, मानधन असतं, मानही असतो. आपल्याकडे मात्र बाईने बाईला शिकवलं की ते "मदत" समजलं जातं, आणि बाहेरचा माणूस येऊन शिकवून गेला की त्याला मानधनाचं पाकीट मिळतं. उमेद अभियानात गावातल्याच बाईला समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे आपल्या भाषेत सीआरपी, म्हणून नेमतात आणि तिला मानधन मिळतं. हे त्याच विचाराचं काम आहे. हाच विचार गटानेही करावा. एखादीने चौघींना शिलाई शिकवली तर तिला किती द्यायचं हे आधी ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. शिकलेल्या बायकांनी मिळून मोठी ऑर्डर घेतली, तर कटिंग आणि तपासणी शिकवणारीकडे ठेवा. म्हणजे शिकवल्याने तिचं काम कमी न होता वाढेल. एकटी बाई शाळेच्या तीनशे गणवेशांची ऑर्डर घेऊ शकत नाही. पाचजणी घेऊ शकतात.

आपल्या मुलींचं खेळणं

शेवटचा मुद्दा, आणि तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात खो-खो आणि कबड्डी खेळणाऱ्या मुली काही कमी नाहीत. शाळेत असताना त्या तालुक्याला जातात, जिल्ह्याला जातात, काही त्याही पुढे जातात. मग बारावी होते, स्थळं येतात आणि खेळ ट्रंकेत जातो. सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर. "खेळून काय पोट भरतं का?" हे वाक्य आपल्याच तोंडून निघतं.

सगळ्यांनाच ऑलिम्पिक गाठता येत नाही. सुमाताई जगातल्या पहिल्या आठात होत्या, तरी पदक त्यांना मिळालं नाही. पण खेळणं थांबल्यावरही खेळातलं कसब उरतं. त्याला पुढे दार आहे. पदवीनंतर शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड. ही पदवी घेता येते. पंजाबात पतियाळा इथे १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. तिथे प्रशिक्षकांसाठी एक वर्षाचा डिप्लोमा असतो, आणि सहा आठवड्यांचा छोटा अभ्यासक्रमही चालतो. खेळाच्या संघटना पंचांची परीक्षा घेतात. कोणत्या खेळाला किती शिक्षण आणि किती वर्षांचं खेळणं लागतं, याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. त्यासाठी मुलीची स्पर्धांची सर्टिफिकेटं जपून ठेवावी लागतात. जन्मदाखल्यासारखीच ती जपा.

आणि जी कुठेच जाऊ शकली नाही, लग्न होऊन दुसऱ्या वाडीत गेली, तिच्यासाठीही काम आहे. ज्या वाडीत ती नांदायला गेली, तिथल्या शाळेत मुली आहेतच. संध्याकाळी तासभर मैदानावर उभं राहायला आणि खो-खोचा खुंट कसा पकडायचा ते सांगायला पतियाळाचं सर्टिफिकेट लागत नाही. घरच्यांची परवानगी लागते आणि गावाचा पाठिंबा लागतो. घरच्यांशी बोलायला तिच्याबरोबर गटातल्या दोघी गेल्या तर बोलणं सोपं होतं. मैदानाचा आणि चेंडू-दोरीच्या खर्चाचा विषय ग्रामसभेत मांडता येतो. कांबळवाडीच्या सरपंच बाईंचा मुलगा पॅरिसला गेला. आपल्या गावच्या सरपंच, सदस्य बायकांनी एवढं तरी मनावर घ्यायला हरकत नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं काढा आणि तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गटात असं कोणतं काम आहे जे एकीलाच येतं? ते तिने दुसरीला शिकवावं म्हणून गट तिला काय देईल? आणि आपल्या वाडीत पूर्वी खेळणारी, आता घरात बसलेली मुलगी किंवा सून कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर तिला बैठकीत बोलवा आणि तिला काय येतं ते विचारा. बऱ्याचजणींना हे कुणी विचारलेलंच नसतं.

ठरलं ते इतिवृत्तात लिहा आणि आम्हाला कळवा.